गुरुवारच्या सुया

आगाशेबाईंनी माझा पाय धरला आणि मी तो मागे ओढला. त्यांनी पुन्हा धरला, मी पुन्हा ओढला. तिसऱ्या वेळी त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "शालन, मी सत्तरीला आलेय. अशी रस्सीखेच चालली तर आधी मलाच सुया टोचून घ्याव्या लागतील."

खोलीतले सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. सुईची भीती नव्हती. रक्त तपासायला दंड इतक्या वेळा पुढे केला होता की सुईचं अप्रूपच उरलं नव्हतं. पण आईच्या वयाची बाई खाली लाकडी स्टुलावर बसते आणि माझा भेगा पडलेला पाय स्वतःच्या मांडीवर घेते, हे कुठल्या देवाला चालेल? आमच्या घरी चुकून कुणाला पाय लागला तरी लगेच वाकून नमस्कार करायची पद्धत. मी बाईंना म्हटलं, मला पाप लागेल. त्या म्हणाल्या, लागू दे, अर्धं माझ्या नावावर टाक. आणि बोलता बोलता त्यांनी अंगठ्याच्या बेचक्यात पहिली सुई घातलीसुद्धा.

मिरजेच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळायला लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गोळ्यांनी माणसं अंथरुणातून उठली हे खरं. माझ्याही तोंडातले फोड गेले, हातात बांगड्या पुन्हा घट्ट बसायला लागल्या. पण त्यातल्या एका गोळीनं पाय धरले. तळव्यांची अशी आग व्हायची की चादर लागली तरी सोसवायची नाही. आता ती गोळी इतिहासजमा झाली. तेव्हा मात्र तीच होती, आणि डॉक्टर म्हणायचे की दुसरी वरून येईल, येईपर्यंत काढा कळ. कळ काढायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवरा गोळ्या यायच्या आधीच गेला होता, पोरगी आठवीत होती, आणि घर चालायचं ते माझ्या शिलाई मशीनवर. पायडल मारायला पाय लागतात. पाय थांबले की मशीन थांबणार आणि मशीन थांबली की चूल.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका संस्थेची खोली होती. तिथं दर गुरुवारी आगाशेबाई यायच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर इतर बायका भजनी मंडळात जातात, या पुण्याला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आल्या होत्या. आम्ही त्याला नुसतं 'सुया' म्हणायचो. प्रत्येकाच्या सुया वेगळ्या, प्रत्येकाची काचेची नळी वेगळी, नळीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. बाई स्वतः त्या सुया शेगडीवरच्या कुकरात वाफवून आणायच्या.

खोलीत येणाऱ्यांच्या तऱ्हा काय सांगाव्यात. बेडग गावची एक बाई पहिल्या दिवशी दारातूनच परत गेली. तिला हा रोग गावातल्या डॉक्टरच्या इंजेक्शननं झाला असं ती सगळ्यांना सांगायची, आणि सुईनं आलेलं सुईनं कसं जाईल, असा तिचा सवाल होता. एक निवृत्त कंडक्टर होते. ते आपली नळी दर वेळी खिडकीच्या उजेडात धरून तपासायचे, जसं काही आत कुणी बिनतिकीट बसलंय. मग बाईंच्या कानाशी जाऊन हळूच विचारायचे, यानं मूळ रोग जातो का? बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, जात नाही. पायाची आग जाईल की नाही तेसुद्धा मला माहीत नाही, बघू. असं बोलणारं माणूस आम्ही पाहिलं नव्हतं. आम्हाला भेटलेले सगळे छातीठोक बोलणारे. एकानं माझ्या नवऱ्याला मुळी उगाळून दिली होती आणि एकवीस दिवसांत खडखडीत बरा करतो म्हणून सांगितलं होतं. तो आमच्या दारची म्हैस घेऊन गेला.

माझ्या पायांची आग काही गेली नाही. पण सुया लावल्या की वीस मिनिटं खाटेवर पडून राहायचं असायचं, आणि त्या वीस मिनिटांत मी झोपायचे. घरी रात्र रात्र पाय चोळत बसायचे, आणि इथं पाच-पंचवीस माणसांच्या गलक्यात मला गाढ झोप लागायची. आठवडाभर मी त्या झोपेची वाट बघायचे. लोक देवाच्या वाराला जातात, मी झोपेच्या वाराला जायचे.

आमच्यात एक पैलवान होता. भोसे गावचा बाळासो चौगुले. तरुणपणी आखाडा गाजवलेला, नंतर तेल लावून चोळण्यात आणि हाड बसवण्यात नाव काढलेला. कुणाची कंबर धरली, कुणाचा पाय मुरगळला, पोराचा खांदा निखळला की पंचक्रोशीतून माणसं त्याच्या ओट्यावर यायची. रोगाचं कळलं आणि ओटा ओस पडला. "हात असून थोटा झालो, आक्का," असं तो हसत हसत म्हणायचा. एवढा धिप्पाड गडी, पण सुई बघितली की डोळे गच्च मिटून मारुतीचं नाव घ्यायचा. आम्ही त्यावरून त्याची भरपूर चेष्टा करायचो आणि त्याला ती आवडायचीही.

थंडीच्या दिवसांत एका गुरुवारी बाई स्टुलावरून उठताना गुडघा धरून तशाच वाकून राहिल्या. पैलवान खाटेवरून म्हणाला की पुढच्या गुरुवारी तेल आणतो, गुडघा चोळून देतो, दोन दिवसांत पळाया लागशीला. बाई म्हणाल्या, "नको हो पैलवान, वेळ कुठे आहे?" आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. पैलवानानं आपले दोन्ही हात मांड्यांखाली सारले आणि त्यावर बसून राहिला. मी ते पाहिलं. पण तेव्हा माझे पाय इतके जळत होते की दुसऱ्याच्या हातांचा विचार कोण करणार.

त्याच सुमारास बाईंनी आम्हाला सांगून टाकलं की संस्थेचे मोठे साहेब एप्रिलमध्ये येणार आहेत. सुयांनी कुणाला गुण आला की नाही ते बघणार, आला नसेल तर खोली दुसऱ्या कामाला देणार. बाईंनी आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. गुण आला नसेल तर त्यांचं बरोबरच आहे, एवढंच म्हणाल्या. 

आणि संक्रांत होऊन महिना-दीड महिना झाला तसे पैलवानाचे पाय सुधारायला लागले. आधी तो चपला घालून आला. मग दवाखान्याचा जिना कठडा न धरता चढला. होळीच्या आधी तर एस.टी. स्टँडपासून चालत आला आणि खोलीच्या मधोमध उभा राहून म्हणाला की मुंग्या गेल्या, आग गेली, रात्री पांघरूण घेऊन झोपतो. खोलीत एकदम वारं शिरलं. बेडगची बाई परत आली आणि सगळ्यांच्या आधी नंबर लावून बसली. कंडक्टरनी नळी उजेडात धरायचं बंद केलं. बाई मात्र माझ्या पायांकडे बघून विचारात पडायच्या. तुला आणि त्याला मी एकाच जागी टोचते, मग तुझे का नाहीत, असं म्हणून त्या माझ्या सुयांच्या जागा बदलून बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जसे काही माझेच पाय वळण नसलेले.

साहेब यायचे त्या सकाळी पैलवानानं मला सायकली लावायच्या जागेजवळ गाठलं. नवा सदरा घातला होता, कपाळाला गंध होतं.

"आक्का, साहेब तुला इचारत्याल. पाय बरं हाईत म्हन."

"जळतात की."

"जळू द्यात. येक वाक्य बोलाया काय जातंय? माझा येकट्याचा दाखला पुरंना झाला तर खोली जाईल."

मी म्हटलं, तुझ्या नि माझ्या सुया सारख्या, गोळ्या सारख्या. तुझे पाय बरे झाले ते कसे, हे मला आधी सांग. तो इकडंतिकडं बघायला लागला. तेव्हा माझं लक्ष त्याच्या सदऱ्याच्या गळ्याकडे गेलं. वरचं बटण लावलेलं होतं आणि तरी आत दोन बोटं सहज जातील एवढी जागा होती.

"गोळ्या सोडल्या," तो म्हणाला. "संक्रातीला. त्या गोळीनंच आग हुतीया, हे डाक्टरच म्हनत हुतं न्हवं? सोडली की पाय गार."

दर महिन्याला तो गोळ्यांची डबी घेऊन जात होता, म्हणजे दवाखान्यात कुणाला संशय नको, आणि भोशाच्या ओढ्यात रिकामी करत होता. साहेब येऊन गेले की परत सुरू करणार होता. सगळं ठरवून केलं होतं. मला त्याचा इतका राग आला की हात उचलला गेला असता. माझा नवरा शेवटच्या दिवसांत विचारायचा, मुंबईला काहीतरी औषध निघालंय म्हणतात, आपल्याकडं कधी येईल गं? ते औषध आलं तेव्हा तो नव्हता. आणि हा माणूस तेच औषध माशांना खाऊ घालत होता. मी काही बोलायच्या आत साहेबांची गाडी आली आणि तो लगबगीनं आत गेला.

साहेब पन्नाशीचे होते, बरोबर एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. पैलवान अनवाणी खोलीभर चालला, बैठका मारून दाखवल्या आणि शेवटी मांडीवर थाप मारून शड्डू ठोकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खूश झाले आणि बाईंना म्हणाले, हे तर विलक्षण आहे. मग ते माझ्याकडे वळले. तुमचे पाय कसे आहेत, ताई?

बाई माझ्याकडे बघत होत्या. कधी काही न मागणारी ती बाई त्या क्षणी माझ्याकडे आशेनं बघत होती, आणि मला ते बघवत नव्हतं. पैलवान बाईंच्या मागे उभा राहून मान हलवत होता, म्हण, म्हण. मलाही म्हणायचं होतं. त्या खाटेवरची वीस मिनिटं माझ्या आठवड्यातली एकमेव झोप होती, ती काय मला स्वतःच्या हातानं घालवायची होती? आणि तो परत सुरू करणारच होता गोळ्या. पण सदऱ्याचा तो सैल गळा माझ्या डोळ्यांपुढून जाईना. असा गळा मी घरी पाहिला होता. आधी सदरा सैल होतो, मग अंगठी, मग माणूसच.

"माझे पाय जळतात," मी म्हटलं. "आणि पैलवानाचे सुयांनी बरे झालेले नाहीत. त्यानं गोळ्या सोडल्यात. संक्रांतीपासून."

 मॅडमनी पैलवानाला विचारलं, हे खरं आहे का? त्यानं मान खाली घातली. त्यांनी त्याचे डोळे पाहिले, छाती तपासली, खोकला किती दिवस आहे ते विचारलं आणि चिठ्ठी लिहून म्हणाल्या की आजच्या आज दवाखान्यात वर डॉक्टरांना भेटायचं, उद्या नाही. साहेब जबाबदारीबद्दल काहीतरी बोलायला लागले होते. बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि म्हणाल्या, तुम्ही बोलायची गरज नाही, मीच बंद करते, आजपासून. माझ्या सुयांपायी कुणी औषध सोडत असेल तर त्या सुया नकोत.

साहेब गेले. मागून एकेक करून सगळे गेले. माझ्याशी कुणी बोललं नाही. बेडगची बाई जाताना मला ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटली. कंडक्टरनी आपल्या नावाची नळी हळूच खिशात टाकली आणि नेली.

उरलो आम्ही तिघं. बाई नळ्या डब्यात भरत होत्या. पैलवान माझ्याकडे न बघता म्हणाला, "आक्का, केसानं गळा कापलास." हे वाक्य तो मला आजही दर भाऊबीजेला ताटासमोर बसून ऐकवतो, आणि मी आजही त्याला उत्तर देत नाही. त्या दिवशी मात्र त्यात चेष्टा नव्हती. 

बाईंनी डब्याचं झाकण आपटलं. रागावल्या की त्या अरे-तुरेवर यायच्या.

"बाळासो, माझ्या सुयांसाठी तू मरायला निघाला होतास?"

"सुयांसाठनं न्हाई, बाई," पैलवान म्हणाला. "सुया काय, टोचत्यातच. तुमी पाय मांडीवर घेता, त्यासाठनं." मग त्यानं स्वतःचे हात पुढे धरले.  "बायकू म्हायेरी गेली. भावानं ताट येगळं केलं. पाच वर्सं झाली बगा. ह्या हातांनी किती जनांची हाडं बसवली आसतील, त्याची गनती न्हाई. आन् परवा शेजारचं पोरगं दारात पडलं, मी उचलाया गेलो तर त्याची आई वरडली. तुमी बी त्या दिशी गुडघ्याला नको म्हनलासा. म्हनलं, आसू दे. माझं हात न्हाई तर न्हाई, माझं पाय तरी हातात घेत्यात. ही खोली गेली की त्ये बी गेलं."

बाई डबा सोडून त्याच्याकडे वळल्या. स्पर्शानं हा रोग होत नाही हे आम्हाला त्याच खोलीत, त्याच बाईंनी फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

"त्या दिवशी वेळ होता मला," त्या म्हणाल्या. "नको का म्हटलं, ते मला सांगता यायचं नाही. सगळं ठाऊक असूनही तोंडातून नको गेलं. घरी गेल्यावर लक्षात आलं. मग पुढच्या गुरुवारी तू विषय काढशील म्हणून वाट पाहिली, तू काढला नाहीस. मीही काढला नाही."

 बाईंनी डबा बाजूला ठेवला आणि आम्ही ज्या खाटेवर झोपायचो तिच्यावर जाऊन बसल्या. इतक्या महिन्यांत त्यांना तिथं बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. स्वतःचं स्टूल त्यांनी पायानं त्याच्याकडे सरकवलं.

"गुडघा अजून दुखतो. सुया लावून पाहिल्या, माझ्याच हातानं, काही उपयोग नाही. आता तू बघ. पण दर गुरुवारी घरी यायला मला जिवंत पैलवान लागेल. आज डॉक्टरांकडे जायचं, खरं ते सांगायचं, आणि ते देतील त्या गोळ्या गिळायच्या. शालन बरोबर येईल. कबूल असेल तर बस."

तो बाहेरच्या नळावर गेला. साबण लावून त्यानं हात कोपरापर्यंत धुतले, मग पुन्हा धुतले. आतून बाई म्हणाल्या, पुरे झालं, कातडी काढतोस की काय? तो आला, धोतराला हात पुसले आणि स्टुलावर बसला. बाईंनी लुगड्याचा काठ गुडघ्याच्या वर घेतला आणि पाय उचलून सरळ त्याच्या मांडीवर ठेवला. तेवढ्यात त्यानं हात मागे घेतले. बाईंनी पाय काढला नाही. तो तसाच राहू दिला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या, जशी काही आपल्याला घाईच नाही.

मग पैलवानानं हात ठेवले. आधी नुसतेच ठेवले. नंतर अंगठे गुडघ्याच्या वाटीभोवती हळूहळू फिरायला लागले, चाचपत, ओळख काढत. एका जागी ते थांबले आणि बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं.

"हितंच न्हवं?" त्यानं विचारलं.

"तिथंच," बाई म्हणाल्या आणि मागे टेकल्या.

मी दाराबाहेर पायरीवर जाऊन बसले. त्याला डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि एस.टी.ही गाठायची होती. पाय जळत होते. पुढच्या गुरुवारी आपण कुठं झोपणार, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. सत्य बोलल्याचं समाधान वगैरे म्हणतात, तसलं मला काही वाटत नव्हतं. नुसता शीण आला होता. बऱ्याच वेळानं उशीर होतोय म्हणून हाक मारायला मी आत डोकावले, तर खाटेवर बाई घोरत होत्या. पैलवानानं मला डोळ्यांनीच दटावलं आणि बाईंचा पाय मांडीवर तसाच धरून तो बसून राहिला.